चौकटीबाहेरची भूमी : पश्चिम अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने आणि छायाचित्रकला

१

छायाचित्रकलेचा विचार आपल्याकडील साहित्यसमीक्षेत फारसा झालेला नाही. आणि जो झाला आहे तो बहुधा दृष्टान्तापुरता. एखाद्या वास्तववादी कादंबरीला दोष द्यावयाचा झाला की 'हे तर केवळ छायाचित्र' असे म्हणावयाचे, आणि प्रतिभेचे श्रेष्ठत्व सांगावयाचे झाले की तिची तुलना कॅमेऱ्याच्या यांत्रिक डोळ्याशी करावयाची, एवढाच त्या कलेचा आपल्या विवेचनात उपयोग. या दृष्टान्तामागे असे गृहीत धरलेले असते की, कॅमेरा समोर असेल ते सर्व जसेच्या तसे उचलतो आणि निवड करणे हे काम कवीचे किंवा चित्रकाराचे. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्यानांत गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत घेतल्या गेलेल्या छायाचित्रांकडे वळावे. योसेमिटी, यलोस्टोन, ग्रँड टीटन या स्थळांची जी रूपे जगाच्या मनावर ठसली आहेत, ती निवडीची, वर्जनाची आणि कित्येकदा पुसून टाकण्याची फळे आहेत.

ही चित्रे पाहताना प्रेक्षकाच्या मनात एक भाव हमखास जागा होतो : येथे मनुष्याचा स्पर्श झालेला नाही. कडे, धबधबे, हिमशिखरे, कुरणात चरणारा बायसन किंवा बर्फातून चालणारा लांडगा, हे सर्व आपल्या अस्तित्वाची दखल न घेता चालले आहे आणि आपण ते केवळ योगायोगाने पाहत आहोत, असे वाटते. परंतु छायाचित्र घेण्यासाठी कोणी तरी, कोठे तरी उभे असावे लागते. ती उभे राहण्याची जागा चित्रात कधीच दिसत नाही. या न दिसणाऱ्या भूमीचा त्या चित्रांच्या सौंदर्याशी काय संबंध आहे, आणि तिचे ज्ञान झाल्यावर त्या सौंदर्याचे काय होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

या उद्यानांचा आणि छायाचित्रांचा जन्म जवळजवळ एकाच वेळी झाला, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. कार्लटन वॉटकिन्स हा छायाचित्रकार १८६१ साली योसेमिटीच्या खोऱ्यात गेला. त्याच्या मोठ्या कॅमेऱ्यात सुमारे १८ इंच बाय २२ इंचांची काच बसत असे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे काचेवर कोलोडियनचा लेप देऊन ती ओली असतानाच प्रकाशित करावी लागे आणि ओली असतानाच धुवावी लागे. म्हणून काचा, रसायने आणि अंधारा तंबू हा सारा संभार खेचरांच्या पाठीवर लादून डोंगरात न्यावा लागे. या चित्रांचे प्रदर्शन १८६२ साली न्यूयॉर्क येथे झाले. ज्यांनी ते खोरे कधीही पाहिले नव्हते अशा पूर्वेकडील लोकांना त्याची ओळख या चित्रांनी करून दिली. ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटीचे खोरे आणि मॅरिपोसाची प्रचंड वृक्षांची राई कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली करून सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पुढे १८७१ साली हेडन यांच्या सर्वेक्षण-तुकडीबरोबर विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार आणि टॉमस मोरन हा चित्रकार यलोस्टोनच्या प्रदेशात गेले. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. या दोन्ही निर्णयांत चित्रांचा वाटा नेमका किती होता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु एवढे निर्विवाद आहे की, ज्या प्रदेशांना कायद्याने सीमा घातली त्यांना छायाचित्रकाराने आधीच चौकट घातलेली होती.

आता या चौकटीबाहेर काय राहिले ते पाहू. वॉटकिन्सच्या आधी दहाच वर्षे, १८५१ साली, मॅरिपोसा बटालियन या नावाची सशस्त्र तुकडी त्या खोऱ्यात शिरली होती. तेथे राहणाऱ्या आवानीची लोकांची वस्ती आणि धान्यसाठे तिने जाळले आणि त्यांचा प्रमुख टेनाया याला माणसांसह खोऱ्याबाहेर नेले. त्यांतील काही लोक पुढे परतले व खोऱ्यात राहिलेही. परंतु आपली भूमी म्हणून ते खोरे त्यांच्या हाती पुन्हा आले नाही. यलोस्टोनच्या बाबतीतही असेच. उद्यानाच्या घोषणेला पाच वर्षे झाली होती तेव्हा, १८७७ साली, सैन्याचा पाठलाग चुकविणारे नेझ पर्स लोक त्याच प्रदेशातून गेले. ज्याला निर्जन म्हणून जगापुढे मांडले ते असे माणसांनी गजबजलेल्या इतिहासाचे स्थळ होते.

परंतु येथेच छायाचित्राचा एक विलक्षण गुण प्रकट होतो. वॉटकिन्सच्या चित्रांत खोऱ्याच्या तळाशी मोकळी, प्रशस्त कुरणे दिसतात. मधूनमधून ओकची झाडे, आणि त्यांच्या पलीकडे उभे कडे. ही मोकळीक निसर्गाने आपोआप दिलेली नव्हती. आवानीची लोक खोऱ्याचा तळ ठराविक काळाने जाळीत असत. त्यामुळे गवत वाढे, ज्याची फळे त्यांचे मुख्य अन्न होती तो काळा ओक टिकून राही, आणि सूचिपर्णी वृक्षांची दाटी होत नसे. हे जाळणे थांबल्यावर पाइन आणि सीडरची झाडे कुरणांत शिरली. मार्क क्लेट आणि बायरन वुल्फ यांनी या शतकाच्या आरंभी जुन्या छायाचित्रकारांच्या जागा शोधून तेथून पुन्हा छायाचित्रे घेतली आणि ती २००५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अशी जुनी-नवी चित्रे शेजारी ठेवली म्हणजे योसेमिटीचे रूप स्थिर नाही, ते काळाबरोबर बदलत गेले आहे, हे उमगते. याचा अर्थ असा की, 'अस्पर्श निसर्ग' म्हणून वॉटकिन्सने जे टिपले ते काही अंशी एक जोपासलेले खोरे होते. माणूस चौकटीबाहेर राहिला; त्याचे हस्तलेखन चौकटीतच राहिले. छायाचित्रकाराला जे सांगावयाचे नव्हते तेही छायाचित्र सांगून जाते. चित्रकाराच्या कुंचल्याला ही अनवधानाची साक्ष देता येत नाही, आणि कॅमेऱ्याला यांत्रिक म्हणून हिणविणाऱ्यांनी याचा विचार करावयास हवा.

३

योसेमिटीचे चित्र जगाच्या मनात कायम करणारा दुसरा कलावंत म्हणजे ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४). १९१६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो प्रथम योसेमिटीत गेला आणि त्याच सहलीत त्याने साध्या ब्राउनी कॅमेऱ्याने आपली पहिली छायाचित्रे घेतली. त्याच्या कलाविचाराला वळण देणारा प्रसंग १० एप्रिल १९२७ चा. हाफ डोम या प्रचंड शिलाखंडाचे चित्र घेताना त्याच्याजवळ दोनच काचा उरल्या होत्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली. मग त्याला जाणवले की, या चित्रात आकाश फिके येईल आणि समोरच्या कड्याने मनावर केलेला गंभीर परिणाम त्यात उतरणार नाही. म्हणून शेवटच्या काचेसाठी त्याने गडद तांबडा फिल्टर लावला. त्या चित्रात आकाश जवळजवळ काळे आले आहे आणि कडा त्या काळोखातून पुढे झेपावतो. पुढे तो ज्याला चित्राचे पूर्वदर्शन म्हणत असे, म्हणजे कळ दाबण्यापूर्वीच अंतिम चित्र मनात पूर्ण पाहणे, त्या तत्त्वाचा उगम तो या अनुभवात मानीत असे.

येथे वॉटकिन्सची आठवण होते. कोलोडियनचा लेप निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्यामुळे त्याच्या चित्रांत आकाश बहुधा कोरे, पांढरे येई. एकाचे आकाश रसायनामुळे पांढरे. दुसऱ्याचे स्वतःच्या इच्छेने काळे. दोहोंपैकी एकही सिएरा नेवाडाच्या माथ्यावरचे प्रत्यक्ष आकाश नाही. तरीही यांपैकी एकाही चित्राला आपण खोटे म्हणत नाही, आणि म्हणू नये. कृष्णधवल छायाचित्र रंगांचे भाषांतर करते हे प्रेक्षकाला ठाऊकच असते. त्या भाषांतरातील स्वातंत्र्य हा माध्यमाचा उघड करार आहे.

ॲडम्सच्या इतर काही चित्रांच्या बाबतीत हा प्रश्न इतका सोपा राहत नाही. वादळ ओसरत असलेल्या योसेमिटी खोऱ्याचे त्याचे चित्र सर्वपरिचित आहे. ढगांच्या फटीतून प्रकाश पडतो आहे, धबधबा उजळला आहे, आणि सृष्टीच्या पहिल्या दिवशीचे हे दर्शन असावे असा भास होतो. ते चित्र १९३३ साली वावोना बोगद्याबरोबर तयार झालेल्या रस्त्याच्या कडेवरून, मोटारी थांबविण्याच्या जागेवरून घेतले आहे. म्हणजे सृष्टीचा तो पहिला दिवस पाहावयास डांबरी रस्त्याने जावे लागते. १९४२ सालचे टीटन पर्वत आणि स्नेक नदी यांचे चित्र, ज्याची प्रतिमा १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविण्यात आली, तेही असेच. ज्या खोऱ्याच्या उंचवट्यावरून ते घेतले ते खोरे त्या वेळी उद्यानात नव्हतेच. १९२९ च्या मूळ उद्यानात मुख्यतः शिखरे होती. खोऱ्याचा तळ पुष्कळ वादविवादानंतर १९५० साली त्यात समाविष्ट झाला. उद्यानाचे प्रतीक ठरलेले चित्र उद्यानाच्या तत्कालीन सीमेबाहेर उभे राहून घेतलेले आहे.

सर्वांत बोलकी उदाहरणे मात्र १९४४ च्या सुमाराची आहेत. त्या वर्षी ॲडम्सने लोन पाइन या गावाजवळून सिएरा नेवाडाच्या हिवाळी सूर्योदयाचे चित्र घेतले. वर उजळलेली हिमशिखरे, मध्ये काळ्याशार टेकड्यांचा पट्टा, खाली कुरणावर पडलेली प्रकाशाची तिरीप, आणि त्या तिरिपेत चरणारा एक घोडा. त्या काळ्या टेकडीवर गावच्या शाळेतील मुलांनी पांढऱ्या दगडांनी 'एल.पी.' ही गावाच्या नावाची आद्याक्षरे मांडलेली होती. ॲडम्सने ती निगेटिव्हवरून पुसली, आणि ते पुढे मोकळेपणाने सांगितले. दुसरे उदाहरण मौंट विल्यम्सन या शिखराचे. पुढे विखुरलेले प्रचंड धोंडे, मागे शिखर आणि ढगांतून उतरणारे किरण. ही जागा मॅन्झनारची. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या दहा हजारांवर लोकांना जेथे तारांच्या कुंपणात स्थानबद्ध केले होते त्या छावणीची. ॲडम्स तेथे त्या लोकांची छायाचित्रे घेण्यासाठीच गेला होता आणि १९४४ साली त्याने त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध केले. १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मानवकुटुंबाच्या एकतेवर भरविलेल्या प्रदर्शनात हे शिखर झळकले. कुंपण मात्र त्या चित्रात नव्हते.

४

या चित्रांविषयी दोन टोकांची मते संभवतात. पहिले मत शुद्ध रूपवादी. आपल्याकडे बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचे अधिष्ठान संवेदनांच्या परस्परसंबंधांत, संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत पाहिले. ही भूमिका कठोरपणे लावली तर 'एल.पी.' ही अक्षरे टेकडीच्या काळ्या पट्ट्यात अडथळा आणणारा एक पांढरा ठिपका ठरतात. ती पुसल्याने विरोधलय अधिक रेखीव झाली, एवढेच सांगून समीक्षकाचे काम संपते. छावणीचे कुंपण कोठे होते हा प्रश्न इतिहासाचा. त्याचा चित्राशी संबंध नाही.

दुसरे मत याच्या नेमके उलट. १९९४ मध्ये रिबेका सॉल्निट यांनी योसेमिटीविषयी लिहिताना आणि १९९५ मध्ये इतिहासकार विल्यम क्रोनन यांनी 'आदिम अरण्य' या कल्पनेची चिकित्सा करताना असे दाखविले की, निर्मनुष्य निसर्ग ही वस्तुस्थिती नसून एका संस्कृतीने घडविलेली कल्पना आहे, आणि ती घडविण्यासाठी तेथील माणसांना दृष्टीआड करावे लागले. हे विवेचन मोलाचे आहे. परंतु त्याच्या आधारे काही अनुयायी असा निष्कर्ष काढतात की, ही सर्व चित्रे म्हणजे सुंदर असत्ये होत आणि त्यांच्या सौंदर्याचा आस्वाद घेणे म्हणजे अन्यायात सहभागी होणे होय.

ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात. रूपवादी मत छायाचित्राचे माध्यम ओळखीत नाही. चित्रकाराने टेकडी काढली म्हणजे ती टेकडी होतीच असे कोणी मानीत नाही. छायाचित्रातली टेकडी मात्र त्या क्षणी तेथे होती या प्रतीतीसह आपल्यापुढे येते. ही साक्ष त्या माध्यमाच्या घटकद्रव्यांतच मिसळलेली आहे. तेव्हा साक्षीचा प्रश्न कलाबाह्य म्हणून बाजूला सारणे हे काव्याचा विचार करताना शब्दार्थ बाजूला सारण्यासारखे आहे. उलट, दुसरे मत सर्व वर्जनांना एकाच मापाने मोजते. चौकट म्हटली की काही बाहेर राहणारच. जे बाहेर राहिले त्या सर्वांचा जाब चित्राला विचारू लागलो तर एकही चित्र निर्दोष उरणार नाही.

म्हणून येथे तीन क्रिया वेगळ्या करणे इष्ट आहे. पहिली, चौकटीबाहेर ठेवणे. दुसरी, माध्यमाच्या साधनांनी रूपांतर करणे, जसे तांबड्या फिल्टरने आकाश काळे करणे. तिसरी, चौकटीत आलेले पुसणे. आणि या तिन्हींना लावावयाची कसोटी एकच आहे : चित्र ज्या गोष्टीची ग्वाही देत आहे तीच गोष्ट या क्रियेने खोटी पडते काय? पडत असेल, तर सत्य कळताच प्रेक्षकाचा आस्वाद मोडतो. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर अनौचित्यामुळे रसभंग होतो. पडत नसेल, तर ते ज्ञान आस्वादात सामावून जाते आणि कित्येकदा त्याला अधिक खोली देते.

ही कसोटी लोन पाइनच्या चित्राला लावून पाहू. पुसणे ही तिन्हींत सर्वांत संशयास्पद क्रिया, आणि ती येथे घडलेली आहे. परंतु हे चित्र निर्जनतेची ग्वाही देतच नाही. त्यात घोडा आहे, तोही पाळीव, आणि तो कुरणात चरतो आहे. माणसाची वस्ती जवळच आहे हे चित्र स्वतःच सांगते. त्याचा विषय आहे तो एका पहाटे उंचावरून खाली उतरत आलेला प्रकाश आणि त्यात नकळत सापडलेला एक लहानसा जीव. आद्याक्षरे पुसल्याने ही ग्वाही खोटी पडत नाही. शिवाय ॲडम्सने चित्राच्या शीर्षकात 'लोन पाइनहून' हे शब्द ठेवले आहेत. जे नाव त्याने टेकडीवरून काढले ते शीर्षकात परत आले आहे. म्हणून सर्व कळल्यावरही हे चित्र उणे होत नाही.

मौंट विल्यम्सनच्या चित्राची स्थिती अधिक बिकट आहे. येथे काही पुसलेले नाही. केवळ बाहेर ठेवलेले आहे. परंतु चित्राचा सूर मानवपूर्व, विराट शांततेचा आहे, आणि ज्या भूमीवरून ती शांतता पाहिली ती भूमी अन्यायाची होती. येथेही शीर्षकात 'मॅन्झनारहून' असा उल्लेख आहे. तो वाचला नाही तर चित्र निव्वळ भव्य राहते. वाचला की त्याच चित्रात दुसरा अर्थ उमटू लागतो : कुंपणाआड कोंडलेल्या माणसांना दररोज दिसणारे, कुंपणाने न अडणारे असे हे शिखर. समोरचे धोंडे मग केवळ धोंडे राहत नाहीत. १९९२ पासून मॅन्झनार हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून राष्ट्रीय उद्यान सेवेच्याच देखरेखीखाली आहे. तेथे उभे राहणाऱ्या आजच्या प्रवाशाला शिखर आणि छावणी ही दोन्ही एकत्र पाहावी लागतात. या चित्राचे सौंदर्य शीर्षकाच्या एका शब्दावर तोललेले आहे, आणि तो शब्द गाळून ते चित्र छापणे हा समीक्षादृष्ट्या अपराध मानला पाहिजे.

५

आतापर्यंत विवेचिलेल्या चित्रांत वन्य प्राणी जवळजवळ नाहीत. याचे पहिले कारण तांत्रिक होते. ओल्या काचेला प्रकाश पुरविण्यास काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागे. तेवढा वेळ कडा स्थिर राहतो, हरीण राहत नाही. वाहते पाणीसुद्धा त्या चित्रांत धुक्यासारखे दिसते. पुढे काचा जलद झाल्या, आणि जॉर्ज शायरस याने शिकाऱ्यांची रात्रीची रीत छायाचित्रणात आणली. नावेच्या टोकाला दिवा लावून किनाऱ्यावरच्या प्राण्यांची नजर खिळवावयाची आणि मग बंदुकीऐवजी प्रकाशचूर्णाचा स्फोट करावयाचा. 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या जुलै १९०६ च्या अंकात त्याची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध झाली. यलोस्टोनच्या परिसरातील मूस या प्राण्याच्या उपजातीला त्याचेच नाव मिळाले आहे. शिकारीशी असलेले हे नाते भाषेतही उरले आहे. आपण 'क्षण टिपला' म्हणतो. नेमबाजही पाखरू टिपतो.

निसर्गचित्र छायाचित्रकाराची जागा लपविते. प्राणिचित्र अंतर लपविते. यलोस्टोनमधील नियमानुसार अस्वले आणि लांडगे यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि बायसन, एल्क इत्यादी प्राण्यांपासून किमान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर, दूर राहावे लागते. तरीही उत्तम चित्रात लांडग्याच्या भुवईवरचा हिमकण मोजता येतो. ही जवळीक टेलिफोटो भिंगाची आहे. आपण जवळ आहोत आणि प्राण्याला त्याचे भान नाही, असे दुहेरी सुख ती देते. अंतर ही कलास्वादाची पूर्वअट आहे असे सौंदर्यशास्त्र सांगते, आणि ताटस्थ्य व तन्मयता यांचा मेळ कसा बसावा हा आपल्या रसचर्चेतील जुना प्रश्न आहे. प्राणिचित्रात हा प्रश्न अक्षरशः मीटरमध्ये मोजता येतो. तेथे अंतर मोडले तर आस्वाद तर बिघडतोच, परंतु प्राण्याचे जीवितही धोक्यात येते.

वरील कसोटी येथे अधिक कडक होते, कारण प्राणिचित्राची ग्वाही अधिक स्पष्ट असते. 'हा प्राणी स्वतंत्र आहे' असे ते म्हणते. पश्चिमेकडील काही खाजगी ठिकाणी पाळलेले प्यूमा आणि लांडगे भाडे घेऊन छायाचित्रकारांपुढे सोडले जातात. अशा चित्रातील रूप निर्दोष असू शकते. प्रकाश, तोल, डोळ्यांतील चमक सर्व जागच्या जागी. परंतु खरे कळताच ते चित्र कोसळते, कारण ज्या स्वातंत्र्याची त्याने ग्वाही दिली तेच नव्हते. रूप तेच राहूनही रस जातो, ही गोष्ट रूपवादी उपपत्तीला समजावून सांगता येत नाही.

यलोस्टोनच्या लांडग्यांच्या गळ्यातील पट्ट्याचा प्रश्नही असाच आहे. त्या उद्यानातील मूळचे लांडगे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मारून संपविण्यात आले. अखेरचे १९२६ साली. १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून ३१ लांडगे आणून तेथे सोडण्यात आले. त्यांच्या वंशजांपैकी काहींच्या गळ्यात संशोधकांनी रेडिओ-पट्टे बांधलेले असतात. पट्टा चित्राला विद्रूप करतो असे मानून तो नसलेलाच लांडगा शोधणे, किंवा संगणकावर तो पुसून टाकणे, हा मोह समजण्यासारखा आहे. परंतु लोन पाइनची अक्षरे आणि हा पट्टा यांत महत्त्वाचा भेद आहे. पट्टा पुसलेले चित्र असे सांगते की, हा लांडगा येथे सदैव होता. तो सदैव नव्हता. माणसाने त्याला संपविले, सत्तर वर्षांनी माणसानेच परत आणले, आणि तो पट्टा या लज्जेची व प्रायश्चित्ताची एकत्रित खूण आहे. ती पुसणे म्हणजे लांडग्याचा इतिहासच पुसणे. पट्ट्यासह घेतलेले चित्र कदाचित कमी देखणे असेल. परंतु माझ्या मते ते अधिक समर्थ आहे.

टॉमस मँगेलसन या छायाचित्रकाराची दोन कामे येथे तुलनेसाठी घेता येतील. १९८८ साली अलास्कातील कॅटमाय राष्ट्रीय उद्यानात, ब्रुक्स धबधब्याच्या कडेवर उभ्या अस्वलाच्या उघड्या जबड्यात उडी घेणारा सॅमन मासा त्याने टिपला. चित्र मनात आधी रचलेले होते. क्षण मात्र साधला की नाही हे त्याला फिल्म धुतल्यावरच कळले. येथे पूर्वदर्शन आणि दैव यांचा दुर्मिळ मेळ आहे, आणि चित्राविषयी जे जे कळते त्याने आपला आनंद वाढतोच. दुसरे काम ग्रँड टीटनमधील ३९९ क्रमांकाच्या ग्रिझली मादीचे. संशोधकांनी तिला क्रमांक दिला आणि जगाने त्याचेच नाव केले. ती आपली पिले रस्त्याच्या आसपास वाढवी. पिलांना मारणाऱ्या नर अस्वलांपासून माणसांची वर्दळ तिला संरक्षण देत असावी, असा अभ्यासकांचा तर्क होता. २०२० साली ती चार पिले घेऊन दिसली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा कॅमेऱ्यांची दाटी होई. तिच्या असंख्य चित्रांत ती गवतातून किंवा बर्फातून एकटीच चाललेली दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, उद्यानाच्या दक्षिणेस महामार्गावर मोटारीच्या धडकेने ती मेली. या मृत्यूचा दोष छायाचित्रांवर टाकणे अन्यायाचे होईल. ज्या लोकांना तिच्याविषयी ममत्व वाटले ते बहुतांशी त्या चित्रांमुळेच. तरीही ज्या रस्त्यावर तिचे आयुष्य गेले आणि संपले तो रस्ता तिच्या बहुतेक प्रसिद्ध चित्रांतून वगळलेला आहे, हे ध्यानात आल्यावर 'एकाकी, मुक्त अस्वल' या ग्वाहीत काही तरी उणे राहिले असे वाटल्यावाचून राहत नाही.

ही उणीव भरून काढणे अशक्य नाही, याचे उदाहरण स्टीव्ह विंटर यांनी घालून दिले. लॉस एंजेलिस शहरातील ग्रिफिथ पार्कमध्ये राहणाऱ्या पी-२२ या प्यूमाचे त्यांचे छायाचित्र २०१३ साली प्रसिद्ध झाले. आपोआप टिपणारा कॅमेरा लावून त्यासाठी त्यांना वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. प्यूमा रात्री चालला आहे, गळ्यात पट्टा आहे, आणि मागे टेकडीवर 'हॉलिवुड' ही प्रचंड पांढरी अक्षरे उजळली आहेत. ॲडम्सने टेकडीवरची अक्षरे पुसली. विंटर यांनी ती चित्राचा कणा केली. या चित्रात छायाचित्रकार उभा नव्हता, पण माणसाची भूमी संपूर्ण उभी आहे. प्राण्याची मुक्तता तीमुळे कमी न होता अधिक मोलाची वाटते.

६

राहता राहिला तो सामान्य प्रवासी, जो दरवर्षी कॅमेरा घेऊन या उद्यानांतून जातो. संस्कृत काव्यात कविसमय असतात : चकोर चांदणे पितो, हंस नीरक्षीर वेगळे करतो. कवीने ते पाहिलेले नसते. परंपरेने दिलेले असते. उद्यानांतील दृश्यस्थळे हे असेच छायाचित्रसमय झाले आहेत. मोटार कोठे थांबवावी, तिपाई कोठे रोवावी, धबधब्यावर तांबडा प्रकाश फेब्रुवारीच्या कोणत्या संध्याकाळी पडतो, हे सर्व पूर्वीच्या चित्रांनी ठरविलेले असते. प्रवासी पाहावयास जात नाही. पाहिलेले पडताळावयास जातो. आणि कविसमयाप्रमाणेच येथेही संकेत वस्तुस्थितीला पुरून उरतो. ॲडम्सने जेथून टीटन आणि स्नेक नदी यांचे चित्र घेतले त्या स्थळी आज झाडे इतकी उंच वाढली आहेत की, नदीचे ते रुपेरी वळण पूर्वीसारखे दिसत नाही. तरी लोक तेथे थांबतात व तेच चित्र घेऊ पाहतात.

या निराशेतच एक शिकवण आहे असे मला वाटते. वाढलेली झाडे चित्राला अडवितात, कारण ती खरी आहेत. उद्यान हे चित्राची प्रत राहण्यास बांधलेले नाही. १८६१ चे खोरे आगीने मोकळे ठेवले होते, आजचे खोरे झाडांनी भरले आहे, आणि १९४२ ची नदी पानांआड गेली आहे. छायाचित्राने ज्याला नित्य म्हणून दाखविले ते सदैव बदलते होते. जो प्रवासी झाडांसकट चित्र घेईल, ज्याच्या चित्रात लांडग्याच्या गळ्यातील पट्टा, कुरणाकाठचा रस्ता किंवा धबधब्यापुढची गर्दी येईल, तो ॲडम्सच्या पायरीला पोहोचणार नाही. पण तो एक नवी ग्वाही देईल, आणि ती खरी असेल.

सारांश, या चित्रपरंपरेचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही आणि ते निरागस मानण्याचेही कारण नाही. छायाचित्राचे मूल्यमापन करताना रूपाबरोबर त्याची ग्वाही विचारात घेतली पाहिजे, आणि ग्वाही तपासावयाची तर ज्या भूमीवरून ते घेतले तिचा शोध घेणे हे समीक्षकाचे कर्तव्यच ठरते. ज्या चित्राचा आस्वाद या शोधानंतरही टिकतो, वाढतो, ते थोर; ज्याला अज्ञानाचा आधार लागतो ते कितीही देखणे असले तरी दुय्यम. निसर्गकवितेचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही ही कसोटी परकी वाटू नये. कवी कोठे उभा राहून निसर्ग पाहत आहे, त्या डोंगरावर कोणाची शेते व कोणाच्या वाड्या होत्या, आणि कवितेने त्यांना जागा दिली की नाही, हे विचारल्याने कवितेचा रस आटेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. जी कविता खरी असेल तिला हा प्रश्न सोसेल.